वहीतले चार तास

“मॅडम, एकदा डोळ्यांनी बघा. मग खुशाल सही करा.”

ढगे माझ्या टेबलासमोर उभे होते. उजव्या हाताच्या चिमटीत केसाएवढी बारीक काचेची नळी, डाव्या हातात भिंग. माझ्यासमोर टाइप केलेला एक कागद होता आणि पेनाचं टोपण मी काढलेलं होतं. ते आणखी दोन मिनिटं उशिरा आले असते तर सही होऊन गेली असती आणि आज सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नसतं.

कागद आमचे प्रमुख डॉ. हळबे यांनी तयार केला होता. मथितार्थ एवढाच, की श्री. रंगनाथ ढगे यांनी ठरवून दिलेली पद्धत पाळली नाही, त्यामुळे दोनशे ग्रॅम माल अशुद्ध निघाला आणि प्राण्यांवरची चाचणी फसली. खाली हळब्यांची सही झालेली होती. दुसरी माझी हवी होती, कारण पद्धत माझी होती. ती झाली की ढग्यांची बावीस वर्षांची नोकरी संध्याकाळपर्यंत संपणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

ही गोष्ट मार्च १९९८ मधली. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या औषध कंपनीचं दोन मजली संशोधन केंद्र होतं. मी वैजयंती कंधारकर, वय अठ्ठावीस, नवी कोरी डॉक्टरेट आणि नाकावर माशी बसू देईन तर शपथ. ढगे अठ्ठेचाळीस वर्षांचे, पैठणकडचे, साधे बी.एस्सी. आम्ही डॉक्टर मंडळी चिमूटभर माल बनवून मोकळे व्हायचो. तोच माल आमच्या वहीत बघून किलो-अर्धा किलोच्या हिशेबाने बनवायचं काम त्यांचं. ते मला वयाने वीस वर्षं मोठे, तरी मी त्यांना नुसतं ‘ढगे’ म्हणायचे आणि ते मला ‘मॅडम’. केंद्रात पद्धतच तशी होती आणि ती मला मुळीच खटकत नव्हती.

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगते. आकडी थांबवणारा एक रेणू आमच्या हाती लागला होता. उंदरांची आकडी तो झटक्यात थांबवायचा, पण पंधरा दिवसांत त्यांच्या लिव्हरची वाट लावायचा. दोष होता रेणूच्या मधोमध असलेल्या एका रिंगचा. रिंग म्हणजे अणूंचं कडं. या कड्यात पाच अणू होते, चार कार्बनचे आणि एक ऑक्सिजनचा. शरीरात ते फुटायचं आणि त्याचे तुकडे लिव्हरला छळायचे. तेव्हा एवढं एक कडं बदलायचं, बाकी रेणू होता तसा ठेवायचा. पैंजणातली मधली कडी काढून दुसरी ओवावी, तसं हे ऐकायला वाटतं. प्रत्यक्षात कडं काढून घेता येत नाही. दर वेळी अख्खा रेणू मुळापासून, नव्या कड्यासकट बांधावा लागतो. चौदा महिन्यांत मी अडतीस कडी बसवून पाहिली. काहींनी आकडी थांबेना, काहींनी उंदीर दिवसदिवस झोपून राहिले, एकाने तर ते मेलेच.

एकोणचाळिसाव्या खेपेला जमलं. त्यात मी एकमेकांना चिकटलेली दोन कडी बसवली होती, नायट्रोजनने भरलेली. आकडी थांबली आणि पंधरा दिवसांनीही लिव्हर साफ. हळब्यांनी स्वतःच्या हाताने सगळ्या केंद्रात पेढे वाटले. तो रेणू त्यांनी त्यांच्या खोलीतल्या हिरव्या फळ्यावर काढला आणि बाजूला ‘पुसू नये’ असं लिहून चौकट केली. मुंबईच्या संचालकांनी पेटंटची तयारी सुरू केली. मला पुढच्या वर्षी गटप्रमुख करणार, असं हळबे बोलूनही गेले. मी तर हवेतच होते.

मग मोठ्या चाचणीसाठी दोनशे ग्रॅम माल हवा झाला. तो ढग्यांनी बनवला, आणि तो खाऊन उंदरांची आकडी तशीच्या तशी. पिठीसाखर चारली असती तरी एवढाच फरक पडला असता. मेल्टिंग पॉइंट काढला, म्हणजे पदार्थ किती डिग्रीला वितळतो ते पाहिलं. माझा माल एकशे सत्त्याऐंशीला वितळायचा, ढग्यांचा एकशे बावन्नला. पदार्थात घाण असली की तो लवकर वितळतो, हे कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवतात. रेणूचं वजन मोजणाऱ्या मशीनने दोन्हींचं वजन अगदी सारखं दाखवलं. झालं. “पदार्थ तोच, पण हा माल नाही, चिखल आहे,” हळबे म्हणाले. ढग्यांनी कुठेतरी टंगळमंगळ केली असणार, हे मीही मनात धरून टाकलं. मला शंकासुद्धा आली नाही.

“ढगे, हे तीनदा झालंय,” मी पेन खाली न ठेवता म्हणाले. “एकशे बावन्न ते एकशे बावन्नच. आता काय बघायचं राहिलं?”

“किती ते तुम्ही बघितलं. कसा, ते नाही बघितलं.”

“म्हणजे?”

“मला काढायचं तर काढा, मॅडम. पण माल घाण व्हता असं लिहू नका. बावीस वर्षांत माझ्या हातून घाण माल गेला नाही.”

आवाज चढला नव्हता. पण चष्म्यामागचे त्यांचे डोळे लाल झालेले मला दिसले. मी वैतागूनच उठले. पाच मिनिटांचा प्रश्न होता, आणि मग सही करायला मी मोकळी होते.

प्रयोगशाळेत माझ्या जागेला लागूनच मेल्टिंग पॉइंटचं भांडं असायचं. काचेच्या भांड्यात तेल, तेलात थर्मामीटर, त्याला बांधलेली ती बारीक नळी आणि खाली लहानशी ज्योत. शेजारीच माझं काचेचं कपाट, ज्यात मी फ्लास्क उकळत ठेवायचे. त्या कपाटाखाली कुणाचा तरी कूलरचा जुना पंप पडलेला असायचा, निळी वायर गुंडाळलेला. दोन महिने मी तो पायाने आत सारत होते. त्या दिवशीही स्टूल ओढताना सारला.

ढग्यांनी नळी बांधली आणि ज्योत लावली. मी भिंगाला डोळा लावला.

“घाण माल कसा वितळतो, सांगा बरं,” ढगे म्हणाले.

“माझी तोंडी परीक्षा घेताय का?”

“सांगा तर.”

“आधी कडेने ओला होतो. आकसतो. दहा-बारा डिग्री रेंगाळतो आणि मग पाणी होतो.”

“आता बघा.”

एकशे पस्तीसला नळीतली पूड पांढरी, कोरडी. चाळीसला कोरडी. पंचेचाळीसला कोरडी. मी ज्योत कमी केली. पन्नासला काही नाही. एक्कावन्नलाही काही नाही, एक कण हलला नाही. आणि बावन्नला, मी पापणी मिटायच्या आत, ती सगळी पूड नाहीशी झाली. तिथे काचेसारखा स्वच्छ थेंब होता.

“पुन्हा लावा,” मी म्हणाले.

पुन्हा लावली. पुन्हा एकशे बावन्नला एका ठोक्यात. तिसऱ्यांदाही तेच. मग मी माझ्या बाटलीतली उरलेली चिमूट काढून दुसऱ्या नळीत भरली. एकशे सत्त्याऐंशी, तीही एका ठोक्यात.

असा ठोक्यात वितळतो तो फक्त शुद्ध पदार्थ. आकडा बघून मी आणि हळबे निर्धास्त झालो होतो, आणि वितळताना भिंगातून नीट बघायचे कष्ट दोघांपैकी एकानेही घेतले नव्हते. ढग्यांचा माल शुद्ध होता. माझाही शुद्ध होता. दोन्हींचं वजन एक, आणि तरीही ते दोन वेगळे पदार्थ होते. याचा अर्थ अणू तेवढेच, पण एखादा अणू वेगळ्या जागी जाऊन बसलेला. अशी नायट्रोजनने भरलेली कडी फार वेळ उकळली तर एका बाजूने उघडतात, अर्धी वळतात आणि पुन्हा मिटतात. मिटताना एक नायट्रोजन दुसऱ्याच जागी जातो. हे मी एम.एस्सी.ला वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. पण हे चार तासांत होत नाही. त्याला दिवस लागतात.

“मी वहीत लिहिलंय तस्संच केलं,” ढगे हळू आवाजात म्हणाले. “चार तास म्हंजे चार तास. घड्याळ लावून.”

आता जे इतका वेळ सांगितलं नाही ते सांगते.

जानेवारीची तेवीस तारीख, शुक्रवार. सोमवारी सव्वीस जानेवारी, म्हणजे लागून तीन दिवस सुट्टी. नांदेडला मावसबहिणीचं लग्न होतं. दुपारी बाराला मी एकोणचाळिसावा फ्लास्क उकळायला लावला. चारला बंद करायचा होता. सव्वाचारची कंपनीची बस त्या दिवशी चारलाच हलली, गेटावरून कुणीतरी हाक मारली, मी पिशवी उचलली आणि पळाले. जालन्याच्या स्टँडवर चहाचा कप तोंडाला लावला आणि आठवलं, फ्लास्क चालूच आहे.

दोन वर्षांपूर्वी असाच एक फ्लास्क मागे ठेवल्यामुळे केंद्राचा अर्धा मजला जळाला होता. तेव्हापासून दारावर पाटी होती. पाठीमागे कुणी नसताना तापत ठेवलेलं आढळलं, तर त्याच दिवशी नोकरी गेली. दुसऱ्याच्या फ्लास्कला हात लावला, तरी तेच. स्टँडवर समोर टेलिफोनचं पिवळं खोकं दिसत होतं. गेटावर फोन केला असता तर पहारेकऱ्याने जाऊन बटण बंद केलं असतं आणि रजिस्टरात माझं नाव लिहिलं असतं. मी त्या खोक्याकडे बघत चहा संपवला आणि बसमध्ये जाऊन बसले. काही होणार नाही, असं स्वतःला सांगत राहिले. लग्नात तीन दिवस मला जिलबी गोड लागली नाही, पण फोन मी केला नाही तो नाहीच.

मंगळवारी सकाळी आले तर फ्लास्क शांतपणे उकळत होता, नळाचं पाणी वाहत होतं, सगळं जागच्या जागी. मला देव पावला असं वाटलं. आतून जो पदार्थ निघाला तो स्वच्छ होता, त्याचं वजन बरोबर होतं, तोच आपल्याला हवा असलेला पदार्थ असं मी धरून चालले. वहीत लिहिलं: बारा ते चार, चार तास. आणि खरं सांगते, आठ दिवसांत मी स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागले.

म्हणजे फळ्यावरच्या चौकटीतला रेणू ढग्यांनी बनवलेला होता, आणि त्याचा उंदरांवर काडीचा परिणाम होत नव्हता. ज्याच्यावर आम्ही पेढे खाल्ले तो दुसराच कुणीतरी होता. मी मांडलेलं कडं जवळजवळ चार दिवस उकळून आपोआप बदललं होतं, आणि बदलवणारी मी नव्हते, माझी चूक होती. मी स्टुलावर बसूनच राहिले.

“ढगेकाका,” मी म्हणाले. काका म्हणून मी त्यांना हाक मारल्याची ती पहिली वेळ. “तो फ्लास्क चार तास नव्हता उकळला.”

ढग्यांनी भांड्याखालची ज्योत विझवली.

“शुक्रवारी बाराला लावला. बंद केला मंगळवारी सकाळी नऊला.”

“साडेनऊला,” ढगे म्हणाले. “नऊला तुमची बस गेटातच होती.”

मी स्टूल त्यांच्याकडे वळवलं.

“मॅडम, आपल्या वसाहतीला शनिवारी अकरानंतर पाणी असतं का कधी?”

उकळत्या फ्लास्कच्या डोक्यावर एक उभी काचेची नळी असते. तिच्याभोवती नळाचं गार पाणी फिरत राहिलं, तरच वर जाणारी वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडते. पाणी थांबलं की वाफ बाहेर जाते, फ्लास्क कोरडा पडतो आणि पेट घेतो. सुट्टीच्या दिवशी पाणी बंद असतं हे मला माहीत होतं. दोन महिन्यांत एकदाही मी स्वतःला विचारलं नव्हतं, की मग माझ्या फ्लास्कला पाणी मिळालं कुठून.

“तुमच्या पायाशी काय आहे बघा,” ढगे म्हणाले.

पायाशी तो कूलरचा पंप होता.

“शनिवारी मी व्हॅक्यूम पंपाचं तेल बदलायला आलो व्हतो. तुमचं कपाट बघितलं तर पाणी नुकतंच गेलेलं आणि फ्लास्क चालू. बटण बंद केलं. म्हटलं, मॅडमनी मुद्दाम ठेवला असंल. आसं मधेच थांबवलं तर दीड महिन्याचा माल जायचा. तुम्हाला विचारावं तर नांदेडचा नंबर कुणाकडं नाही. मग घरी गेलो, कूलरचा पंप काढला, बादलीत सोडला, नळी जोडली आणि परत चालू केला. शनिवारी, रविवारी दोन-दोनदा येऊन बादली बदलली. सोमवारी झेंडावंदन झाल्यावर आलो. मंगळवारी पाणी आल्यावर नळ जोडला आणि पंप आत सारला.”

“मला बोलला का नाहीत?”

“दुसऱ्याच्या फ्लास्कला हात लावला म्हणून मीही गेलो असतो, तुम्हीही गेल्या असत्या. सगळं नीट पार पडलं व्हतं. कशाला बोलायचं?”

“आणि आता, माल बनवताना? माझ्या वहीत तेवीस तारीख बघितली असेल तुम्ही.”

“बघितली.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं. हळबेसर तुमच्या मालाला सगळ्यांसमोर चिखल म्हणाले तेव्हाही माहीत होतं!”

“माहीत नव्हतं, मॅडम, वाटत व्हतं,” ढगे म्हणाले. “तुमच्या कपाटात एका वेळी चार-चार फ्लास्क असतात. कोणचा ते मला काय ठाव? नुसतं वाटलं म्हणून कुणाची नोकरी घालवायची नसते.”

त्यांनी हे मला टोचून म्हटलं नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण माझ्या टेबलावर टोपण काढलेलं पेन तसंच पडलेलं होतं. मला मान वर करवेना.

थोड्या वेळाने मी वही काढली. तेवीस जानेवारीचं पान उघडलं. पानाच्या तळाशी, आमच्या सगळ्या वह्यांत असायची तशी, साक्षीदाराची ओळ होती: वाचले आणि समजले. लिहिणाऱ्याने लिहिलेलं दुसऱ्या कुणीतरी वाचून तिथे सही करायची, म्हणजे उद्या वाद झाला तर पुरावा राहतो. आमच्याकडे शुक्रवारी चहाच्या वेळी वह्यांचा गठ्ठा यायचा आणि जो हाताशी असेल तो गप्पा मारता मारता धडाधड सह्या करून टाकायचा. माझ्या त्या पानावर सही होती, र. ढगे.

“मी वाचलंच नव्हतं,” ते ओशाळून म्हणाले. “त्या शुक्रवारी चाळीस पानं व्हती. वाचलं असतं तर तेव्हाच विचारलं असतं. खोटी साक्ष माझीबी आहेच की.”

मी नवीन पान उघडलं. तारीख घातली. लिहिलं, की तेवीस जानेवारीची नोंद खोटी आहे, फ्लास्क शुक्रवारी दुपारी बारापासून मंगळवारी साडेनऊपर्यंत उकळत होता, साडेत्र्याण्णव तास, आणि जालन्याला आठवूनही मी कळवलं नाही. पाच-सहा ओळी लिहायला मला अर्धा तास लागला. खाली सही केली आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

ढग्यांनी चष्मा पुसला. या खेपेला ते प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होते. मधेच थांबले.

“हे चुकलं.”

“काय?”

“साडेत्र्याण्णव नाही. शनिवारी अकरा दहा ते बारा चाळीस बटण बंद व्हतं. मी पंप आणायला गेलो तेव्हा. दीड तास वजा करा. ब्याण्णव. आणि पंपाचं लिहा.”

“तुमचं नाव मी यात आणणार नाही,” मी म्हणाले. “पाटी काय म्हणते माहीत आहे ना? माझं काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही सुटाल, एवढं बघू या.”

“आणि पुढच्यानं कसं बनवायचं?”

“कोणी?”

“जो कुणी तुमची वही उघडून माल करायला बसंल त्यानं. नळाचं पाणी एवढं गार नसतं, बादलीचं जानेवारीतलं पाणी लई गार. त्यानं फरक पडत असंल नसंल, आपल्याला काय माहीत? तुम्ही परत अर्धंच लिहिलं तर त्याचाही माल असाच फसंल आणि त्यालाही चिखल म्हणतील. सगळं लिहा, मॅडम. मग मी सही करतो.”

मी लिहिलं. बादली, पंप, दीड तास, रंगनाथ ढगे. लिहिताना अक्षरं दिसेनाशी झाली, थांबून डोळे पुसावे लागले. त्यांनी ते पान पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचलं आणि साक्षीदाराच्या ओळीवर सावकाश सही केली.

आम्ही दोघं गेलो तेव्हा हळबे खोलीत फायलींत डोकं घालून बसले होते. “झाली सही?” त्यांनी वर न बघता विचारलं. मी टाइप केलेल्या कागदाऐवजी वही पुढे ठेवली. त्यांनी वाचली. पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं, परत वाचली.

“वैजयंती, मग जे चालतं ते काय आहे?”

“अजून माहीत नाही, सर. अंदाज आहे.”

“दोन महिने आपण ज्याचे पेढे खाल्ले, मुंबईला ज्याचं चित्र पाठवलं, ते काय आहे हे आपल्याला माहीत नाही?”

“नाही, सर.”

ते उठले. फळ्यापाशी गेले, डस्टर हातात घेतलं आणि त्या चौकटीसमोर तसेच उभे राहिले. नंतर डस्टर खाली ठेवून त्यांनी मुंबईला फोन लावला, आणि आम्हाला हाताने बाहेर जा अशी खूण केली.

त्या संध्याकाळी मी माझा खण रिकामा केला. पुस्तकं, डबा, मावशीने दिलेली शाल, सगळं एका खोक्यात भरलं. जाणार हे ठरलेलंच होतं. मनातून मी थोडी हलकीसुद्धा झाले होते. ढगे वाचले, आपण आपल्या चुकीची किंमत देतोय, असं काहीतरी मोठेपणाचं डोक्यात घोळत होतं.

गुरुवारी सकाळी मुंबईहून फॅक्स आला. हळब्यांनी आम्हा दोघांना उभं करून तो वाचला. वाचताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. डॉ. कंधारकर यांना सक्त ताकीद. नव्या रेणूची रचना सिद्ध करणं आणि पेटंटचा अर्ज बदलणं यासाठी शोधकर्त्या म्हणून त्यांची गरज असल्याने त्यांना सेवेत ठेवण्यात येत आहे. श्री. रंगनाथ ढगे यांनी सुट्टीच्या दिवशी परवानगी नसताना दुसऱ्याच्या प्रयोगाला हात लावला व तापते उपकरण पुन्हा सुरू केलं, हे त्यांच्याच सहीनिशी नोंदलेलं असल्याने त्यांची सेवा आजपासून समाप्त.

मला आधी वाटलं, हळबे नावं उलटी वाचताहेत. मी तो कागद त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. नावं बरोबर होती.

“सर, ती नोंद मी लिहिली! ते नसते तर हे केंद्र जळलं असतं!”

“मी काल दोन तास फोनवर होतो, वैजयंती,” हळबे म्हणाले. “पाटीवर जे लिहिलंय ते लिहिलंय, असं म्हणतात ते. तुझ्याशिवाय पेटंट होत नाही. त्यांच्याशिवाय होतं.”

“मग मीही राजीनामा देते.”

तो राजीनामा मी दिला नाही. आठवडाभर रोज लिहिला आणि रोज फाडला. रेणूची खरी रचना पुढच्या महिन्यात सिद्ध झाली, कडं खरोखरच उघडून, वळून मिटलेलं होतं. पेटंटवर माझं नाव पहिलं आहे. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली आणि आजही कुणी त्याबद्दल अभिनंदन केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या गुरुवारी ढगे आपलं सामान घ्यायला प्रयोगशाळेत आले तेव्हा मी माझ्या जागेवर बसले होते. सामान म्हणजे एक चष्म्याची पेटी आणि स्टीलचा पेला. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच आधी विचारलं.

“मॅडम, मालाचं काय लिहिलं शेवटी?”

“शुद्ध होता असं लिहिलंय. हळबेसरांनी सही केलीय.”

“मग झालं.”

ते खाली वाकले, माझ्या कपाटाखाली हात घालून तो पंप बाहेर काढला आणि त्याच्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली.

“उन्हाळा आलाय,” ढगे म्हणाले. “घरी लागंल.”

निळी वायर सुटून फरशीवर लोळत चालली होती. मी उठले, ती गोळा केली आणि गेटापर्यंत त्यांच्या मागे मागे धरून चालत गेले.